२ लाख ६० हजार पळालेली डिझेल: इंजिनची तब्येत कशी ओळखावी?

नमस्कार. धायरीत ओळखीतून २०१२ ची सात सीटर डिझेल मिळतेय. एकच मालक, २ लाख ६० हजार किमी. आई-बाबांना महिन्यातून एकदा साताऱ्याला न्यायचंय, म्हणून मोठी गाडी हवी. दुपारी चालवून पाहिली, पिकअप बरा वाटला. एक मेकॅनिक म्हणतो, "थोडं बॅक कॉम्प्रेशन मारतंय, पण चालेल." दुसरा म्हणतो, इंजिनकाम निघणारच. कोणाचं ऐकू?

घाटवाट:
आकड्याला घाबरू नका. ऑइल वेळच्या वेळी बदललेलं डिझेल इंजिन तीन लाखांनंतरही ठणठणीत चालतं, आणि हयगय झालेलं दीड लाखातच बसतं. म्हणून आधी सर्व्हिसची बिलं मागा. टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदलला तेही विचारा.

चूक एकच झाली, तुम्ही दुपारी गेलात. गरम इंजिन बरंच काही झाकतं. सकाळी जा, कोणी स्टार्ट करू नका म्हणून आधीच सांगा. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गार लागलं पाहिजे. मग किल्ली तुम्ही फिरवा आणि सोबतच्याला सायलेन्सरपाशी उभं करा. पांढुरका धूर मिनिटभरात विरला तर ठीक. जळक्या ऑइलच्या वासाचा निळसर धूर येतच राहिला, तर इंजिन ऑइल पितंय.

बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली इंजिनात गळणं, स्वतः बघता येतं. इंजिन गरम झालं की आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) ऑइलचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. जरा थरथरलं तर चालेल. पण झाकण उडून पडायला लागलं आणि तोंडातून भकाभका धूर आला, तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. झाकणाच्या आत पावसाळ्यात थोडी पांढरी साय धरते, ती नुसती वाफ असू शकते. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल मात्र दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. तिथूनच परत फिरा. नुसतं काळं असेल तर काळजी नको, डिझेलचं काळंच होतं.

शेवटी पाच जण बसवून कात्रजचा जुना घाट चढवा. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेहून वर सरकता कामा नये.

नानापेठ:
दोन मेकॅनिकांचं भांडण सिलिंडरमधला दाब मोजणारं गेज मिटवेल. ग्लो प्लग (गार इंजिन सुरू करताना तापणारे प्लग) काढून त्या जागी गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून खाली असेल, तर इंजिन उघडावं लागणार असं धरून किंमत बोला. आणि आयडलची थरथर इंजिनवर ढकलू नका, पुष्कळदा इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते फाउंडेशनचे रबर गेलेले असतात.

२०२७ मध्ये १५ वर्षं भरतील. फिटनेस, पुनर्नोंदणी, ग्रीन टॅक्स हेही हिशोबात धरा.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आज सातला गेलो. बोनेट कोमट होतं. मालक म्हणाले, दूध आणायला गेलो होतो. खरंही असेल, पण मी स्टार्ट न करताच परत आलो. शनिवारी रात्री किल्ली माझ्याकडे ठेवायला ते तयार आहेत. रविवारी सहाला परत जातोय, गेजवाला मेकॅनिक सोबत घेऊन.