मदत हवी आहे: ग्लायडर सतत नाक वर करतंय

पुतणीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचं हातफेकीचं ग्लायडर केलंय. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 60 सेंमी, रुंदी 10 सेंमी, मोटर नाही. सोडलं की नाक वर करतं, वेग मरतो आणि धाडकन खाली. नाकाला क्ले लावून गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून 3 सेंमीवर आणला, थोडाच फरक पडला. चाचणी बंद हॉलमध्ये, त्यामुळे वाऱ्याचा प्रश्न नाही. पंख पिळलेले नाहीत. उभं शेपूट दिशा मस्त धरतंय. त्याला हात लावायचा नाही.

पंख रबरबँडने बांधलाय, आडवं शेपूट मात्र चिकटवलेलं. दोघांच्या धडाशी होणाऱ्या कोनांत साधारण 4 अंशांचा फरक आहे, पंखाचा जास्त. आता नाकात आणखी वजन घालू, की पंखाच्या मागच्या कडेखाली पट्टी सारून हा फरक कमी करू? आणि केलाच तर किती अंश ठेवू, म्हणजे डोलणंही थांबेल आणि सूरही मारणार नाही?