हाइस्ट सिनेमाचा 'स्कोअर', मराठीत म्हणायचं काय?

रात्रपाळी:
मंडळी एक अडलंय. मी सबटायटलं करते, सध्या कर्णबधिर प्रेक्षकांसाठीची एक फाइल हातात आहे, सिनेमा बँक लुटण्याचा. संवादांचं काही नाही ते होतात, पण मधेमधे चौकोनी कंसात आवाज लिहायचे असतात ना, दार करकरतं, फोन वाजतो वगैरे, तिथे इंग्रजी फाइलमध्ये घडीघडी 'टेन्स हाइस्ट स्कोअर' असं आलंय. मी लिहिलं [दरोड्याचे तणावपूर्ण पार्श्वसंगीत]. मग स्वतःच वाचलं आणि हसले, सह्याद्रीवरच्या बातम्या झाल्या. त्यात ओळ दीड-दोन सेकंदच दिसते, एवढं वाचेपर्यंत चोर पळून जातील. हाइस्ट आणि स्कोअर दोन्हीला शब्द हवेत.

कायद्याचा_किडा:
दरोडा जपून वापरा. पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, जुन्या भादंविचं ३९१ कलम, आता न्याय संहितेत ३१०. चौघंच असतील तर नुसती जबरी चोरी. आणि जबरी व्हायला मारहाण नाहीतर धाक लागतो, रात्री छत फोडून गुपचूप तिजोरी साफ केली तर दहा जण असले तरी ती घरफोडी. तुमच्यात किती जण आहेत, पिस्तुलं दाखवतात का, ते सांगा मग शब्द देतो.

रात्रपाळी:
सहा जण. पिस्तुलं आहेत.

कायद्याचा_किडा:
मग दरोडाच. माघार.

भाकरवडी:
पेपरवाले 'डल्ला मारला' म्हणतात की! सराफी पेढीवर डल्ला, एटीएमवर डल्ला. त्यात ते प्लॅनिंग आणि थोडी मजा पण येते, दरोड्यात कुऱ्हाडी आणि मंकीकॅप दिसतात. चरित्रपट, थरारपट तसा डल्लापट. घ्या बिनधास्त.

जुनी_वही:
डल्ला मस्तच. पण गंमत सांगतो, हाइस्ट हा अमेरिकन बोलीतला शब्द, मूळ 'हॉइस्ट', म्हणजे उचलणे, वर खेचणे. क्रेनने माल उचलतात तेच. म्हणजे चोराच्या भाषेत तिकडे पण 'उचललं' आणि आपल्याकडे पण 'माल उचलला'. मला आधी वाटलं उचल हाच शब्द सुचवावा, पण उचल म्हटली की ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे आठवतात, ते तर उलटंच प्रकरण झालं.

भाकरवडी:
मग उचलेगिरी?

जुनी_वही:
नको हो. उचल्या हे एका जमातीला चिकटवलेलं नाव आहे, १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, १९५२ला कायदा गेला पण शिक्का राहिला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन वाचलेल्या माणसाला तो शब्द करमणुकीच्या सिनेमाखाली बघवणार नाही. आता स्कोअरकडे वळतो. त्याचं मूळ 'खाच'. काठीवर खाचा पाडून मोजायचे त्यावरून क्रिकेटचा स्कोअर, वीस या अर्थाचा स्कोअर पण तोच. संगीतात आला तो कागदावर वेगवेगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र बांधायला उभी रेघ मारतात त्यावरून. आणि इंग्रजीत चोर लोक लुटीला पण स्कोअर म्हणतात! म्हणजे 'हाइस्ट स्कोअर' हे जवळजवळ 'डल्ल्याचा डल्ला' झालं.

डग्गा:
पार्श्वसंगीताला सगळे का हसताय? शब्द चांगलाय, आपण चुकीचा वाचतो. पार्श्वभूमी आणि (माफ करा) पार्श्वभाग यांमुळे वाटतं पार्श्व म्हणजे मागचं. मुळात पार्श्व म्हणजे बाजू, कूस. भाद्रपदातल्या शुद्ध एकादशीला विष्णू कूस बदलतो म्हणून तिला पार्श्व एकादशी पण म्हणतात. म्हणजे पार्श्वसंगीत हे पडद्यामागचं नाही, शेजारी बसलेलं. आणि या असल्या सिनेमांत ते खरंच शेजारी असतं बघा. भुताच्या सिनेमात म्युझिक तुम्हाला घाबरवतं, रडक्यात रडवतं, पण चोरीच्या सिनेमात ते चोराच्या बाजूने असतं, त्याच्या पावलाबरोबर चालतं, तो थांबला की थांबतं. आमच्याकडे तबल्यावर पेटीवर बसणारा तो साथीदार आणि पोलिसांच्या बातमीत 'आरोपी व त्याचे साथीदार फरार', तो पण साथीदारच! एकच शब्द दोन्हीकडे चालतो. मला विचाराल तर हाइस्ट स्कोअर म्हणजे 'साथ'.

रात्रपाळी:
वा! पण [साथ] एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काय ऐकू येतंय ते कळणार नाही ना.

डग्गा:
ते बरोबर आहे. मग ठेक्यावर या. या सिनेमांत सुरावटीपेक्षा ठेकाच जास्त असतो, बेस गिटार नाहीतर डबल बास चालत असतो, वर ब्रशने हलके वाजवलेले ड्रम नाहीतर बोंगो. 'मिशन इम्पॉसिबल'ची थीम घ्या, १९६६ची मालिका, लालो शिफ्रीन. लोक म्हणतात पाच मात्रांची आहे, पण अर्ध्या मात्रांनी मोजा, दहा होतात, आणि तुकडे पडतात ३-३-२-२. आपल्या झपतालात पण दहाच, पण २-३-२-३, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. टेबलावर बोटांनी दोन्ही वाजवून बघा. झपताल डोलत डोलत समेवर येतो, शिफ्रीनचं मात्र शेवटच्या २-२ला पाय अडखळल्यासारखं होऊन परत पहिल्यापासून पळतं. ती अडखळ म्हणजेच तो टेन्शनवाला भाग, त्याला वेगळं 'तणावपूर्ण' लिहायला नको.

लोकल_९_०२:
त्यात 'द टेकिंग ऑफ पेलम वन टू थ्री' पण घ्या, १९७४, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतली एक गाडी ताब्यात घेऊन दहा लाख डॉलर मागतात. संगीत डेव्हिड शायर. खाली एकदम फंकी बेस आणि वर ब्रासवर, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांवर, बारा सुरांची मांडणी, म्हणजे सप्तकातले सात शुद्ध चार कोमल आणि तीव्र म धरून बारा, ते सगळे वाजून झाल्याशिवाय कुठलाच परत घ्यायचा नाही असा नियम. त्यामुळे 'सा' कुठेच सापडत नाही, कान घर शोधत राहतो आणि पाय मात्र ठेका धरून असतो. मी ते गर्दीच्या लोकलमध्ये हेडफोनवर ऐकतो, वसई येईपर्यंत घाम फुटतो, अर्थात त्यात गर्दीचा पण वाटा असेल.

भाकरवडी:
आणि 'इनसाइड मॅन' विसरू नका, २००६, स्पाइक ली, न्यूयॉर्कमधली बँक, बाकीचं म्युझिक टेरेन्स ब्लँचर्डचं पण सुरुवातीलाच रहमानचं छैय्या छैय्या! तिथे कंसात काय लिहायचं, [हिंदी गाणे]?

रात्रपाळी:
गाण्याचं नाव लिहायचं हो, नाहीतर ज्याला माहीत आहे त्याची मजाच गेली.

पायरीवरचा:
जरा वेगळं सांगतो. माझ्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, आम्ही सगळे सिनेमे सबटायटलं लावून बघतो. त्याला हाइस्ट, डल्ला, दरोडा काही फरक पडत नाही कारण पडद्यावर बँक लुटताना दिसतच असते. त्याचा राग एकाच गोष्टीवर आहे, म्युझिक सुरू झालं हे लिहितात, बंद झालं हे कोणी लिहीत नाही. त्याला वाटतं ते चालूच आहे. 'हीट' बघताना (१९९५चा, लॉस एंजेलिसवाला) बँकेत शिरल्यापासून ठोक ठोक ठोक असं चालू असतं, बाहेर आले, पहिली गोळी सुटली की म्युझिक कट, पुढे रस्त्यावर नुसत्या बंदुका आणि बिल्डिंगांवरून येणारा त्यांचा आवाज. मी त्याला खांद्यावर थाप मारून सांगितलं, आता म्युझिक नाहीये. तो म्हणाला (हातांनीच) मग हे आधी का नाही लिहिलं, मी मनातल्या मनात अजून वाजवत होतो.

जुनी_वही:
हे फार भारी आहे. यावरून 'रिफिफी', १९५५, फ्रेंच. दागिन्यांच्या दुकानावर डल्ला, वरच्या फ्लॅटची जमीन फोडून खाली उतरतात, भोकातून छत्री खाली सोडून उघडतात म्हणजे पडणारा चुना तिच्यात जमा. जवळजवळ अर्धा तास ना एक शब्द ना संगीत. संगीतकार जॉर्ज ओरिक म्हणाला असं कसं चालेल, त्याने त्या प्रसंगासाठी लिहून पण आणलं, मग दिग्दर्शक दासँने त्याला दोन्ही प्रकारे दाखवलं आणि ओरिक स्वतःच म्हणाला, काढून टाका. असं दासँ सांगायचा. बाय द वे, रिफिफी हा पण बोलीतलाच शब्द, सिनेमात क्लबमध्ये एक बाई अख्खं गाणं गाऊन त्याचा अर्थ सांगते. मराठीत 'राडा' बसेल.

डग्गा:
बघा, साथीदाराला कधी हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं ते कळायला हवं. आमचे गुरुजी यावरूनच ओरडायचे.

रात्रपाळी:
ठरलं. कशाचं संगीत ते लिहीतच नाही, काय वाजतंय आणि कधी थांबतं तेवढंच. [ठेका सुरू], [ठेका चढतो], [ठेका बंद]. ओरिकसारखी जागा आली तर [चिडीचूप].

वऱ्हाडी_ठेचा:
ताई, [ठेका सुरू] वाचून आमच्याकडे वाटंल रोडचं काम निघालं. ठेकेदार लोक बदनाम आहेत इथे.

रात्रपाळी:
हाहा बरं, [बासचा ठेका सुरू]. एवढं तरी चालेल ना?

वऱ्हाडी_ठेचा:
बास म्हणजे पुरे का?

रात्रपाळी:
अरे देवा. [बेस गिटारचा ठेका]. फाइल पाठवली. 'ठेका बंद' एकूण अकरा ठिकाणी टाकलंय, इंग्रजीत एकदाही नव्हतं.

पायरीवरचा:
रिलीज झाला की नाव सांगा, भावाला दाखवतो.