गिअर पडत नाही म्हणून गिअरबॉक्स लगेच उतरवावा का?

सहाचाकी (धागाकर्ता)
जुन्या ट्रकचा गिअर अडायला लागला की निकाल ठरलेलाच असतो: ‘गिअरबॉक्स गेला, उतरवा.’ मला हे अजिबात पटत नाही. उभ्या ट्रकवर, काहीही न खोलता होणाऱ्या तपासण्या पुऱ्या झाल्याशिवाय गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आमचा ट्रक जुना, पाच गिअरचा, क्लच हायड्रॉलिक (पेडलचा जोर तेलाच्या दाबाने पोचवणारा). इंजिन तापलं की उभ्या गाडीत पहिला गिअर जोर लावल्याशिवाय पडत नाही आणि रिव्हर्सला खर्रकन आवाज येतो. इंजिन बंद केलं की तेच गिअर अलगद पडतात. मेकॅनिक म्हणतोय सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेल्या. पण लिव्हर, लिंकेज (लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणारे दांडे) किंवा फोर्क (आत गिअर सरकवणारा काटा) अडत असता तर इंजिन बंद असतानाही अडला असता. मग आधी क्लच पूर्ण सुटतोय का, म्हणजे पेडल दाबल्यावर इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होतंय का, हे बघायला नको?

पाना_बारा
तुमच्या तर्कात एक भोक आहे. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सच्या आत काहीच फिरत नाही, म्हणजे सिंक्रोला कामच नसतं. रिंग पार झिजलेली असली तरी तेव्हा गिअर अलगदच पडणार. त्यामुळे त्या तपासणीने लिंकेज सुटलं, सिंक्रो सुटला नाही.

आणि जुनी गाडी आहे हे विसरू नका. आज बाहेरून ब्लीडिंग करा (क्लच ऑइलमधली हवा काढा), उद्या मास्टर सिलेंडरचं (पेडलजवळ दाब तयार करणाऱ्या सिलेंडरचं) किट टाका, परवा पेडलचा बुश बदला, आणि शेवटी गिअरबॉक्स उतरवायचा तो उतरवायचाच. त्यापेक्षा एकदाच उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँक शाफ्टमध्ये पेलणारं) आणि सिंक्रो एका दमात करून टाका. गाडी पुन्हा पुन्हा उभी राहण्यात जे नुकसान होतं ते कोणी मोजत नाही.

सहाचाकी
सिंक्रोबद्दलचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच एका तपासणीवर थांबायचं नाही.

सपाट मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, इंजिन चालू ठेवून क्लच तळापर्यंत दाबायचा आणि काही सेकंद तसाच धरून मग रिव्हर्स टाकायचा. बहुतेक जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच खरोखर सुटला असेल तर इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) तेवढ्या वेळात थांबतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. थांबूनही खरखरला, तर इंजिन अजून शाफ्टला फिरवतंय. त्यात सिंक्रोचा दोष असूच शकत नाही, कारण तिथे सिंक्रोच नाही! थांबणं मात्र महत्त्वाचं. ऑइल तापून पातळ झालं की शाफ्ट जास्त वेळ फिरत राहतो, आणि घाई केली तर धडधाकट गिअरबॉक्सही आवाज करतो.

दुसरी खूण म्हणजे पहिला गिअर टाकून क्लच दाबून धरला आणि गाडी हळूहळू पुढे सरकू लागली. सुरुवातीला स्थिर असलेली गाडी थोड्या वेळाने सरकली, तर मास्टर सिलेंडरचं सील आतल्या आत दाब सोडतंय, असा माझा पहिला संशय असेल. बाहेर एक थेंब गळत नाही, टाकीतली पातळी तशीच, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

सिंक्रोची तक्रार चालत्या गाडीत येते आणि बहुधा एखाद्याच गिअरला, फार वेळा दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला. आमच्या गाडीत चालताना सगळे गिअर नीट पडतात.

लांबपल्ला
मी चालवणारा माणूस, खोलणारा नाही. पण एक सांगतो, डबल क्लच मारून बघा. न्यूट्रलला आणून क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर थोडी रेस द्यायची, मग परत क्लच दाबून गिअर टाकायचा. एरवी खरखरणारा गिअर असा पडला तर त्या गिअरचा सिंक्रो झिजलाय. आणि तसं असेल तर माझ्या मते घाई नाही, डबल क्लचने गाडी खूप चालते. सिंक्रो नसलेले गिअरबॉक्स आम्ही असेच चालवले आहेत.

पाना_बारा
दादा, इथे तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही नीट चालवाल, पण गाडीवर दुसरा चालक बसला की तो लिव्हर दाबून गिअर घालणार. खरखर झाली की स्लीव्हचे (गिअर जोडणाऱ्या सरकत्या कडीचे) आणि गिअरचे डॉग दात (एकमेकांत अडकून गिअर धरणारे दात) गोल होतात. मग गिअर पडतो पण टिकत नाही, घाटात उतरताना न्यूट्रलला सुटतो. उतारावर इंजिनचा ब्रेक गेला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

ले_शाफ्ट
गिअर सुटण्याचा विषय निघालाय तर माझं म्हणणं मांडतो. गिअर सुटतो म्हणजे दात गेले, असंही नसतं. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की लिव्हर पुढेमागे हलतो का, ते बघा. हलत असेल तर इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या आवरणाचे) बोल्ट ढिले असले तरी गिअर सुटतो. डिटेंटची (गिअर जागी धरून ठेवणारी) बॉल-स्प्रिंग बऱ्याच गिअरबॉक्समध्ये वरच्या किंवा बाजूच्या कव्हरमधून निघते, त्यासाठी सगळा डबा खाली घ्यायची गरज नाही.

आणि ऑइलचं कोणी बोललंच नाही. ‘जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं’ असं समजून जीएल-४ च्या जागी जीएल-५ (हे गिअर ऑइलचे प्रकार) भरतात. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शिअलच्या हायपॉइड गिअरसाठी. त्यातल्या गंधक-फॉस्फरसच्या जास्त मात्रेने पितळी सिंक्रो रिंगांना त्रास होऊ शकतो, आणि रिंगेला गिअरच्या शंकूवर जी पकड लागते तीही कमी पडू शकते. काही गिअरबॉक्सना तर इंजिन ऑइल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) सांगितलेलं असतं. मॅन्युअलमध्ये आहे तेच भरा. गिअर फक्त थंडीत, सकाळी जड असेल आणि तापल्यावर मोकळा होत असेल तर सगळ्यात आधी ऑइलकडे बघावं. धागाकर्त्याचं उलटं आहे, तापल्यावर बिघडतंय, म्हणून त्यांचा क्लचवरचा संशय मला रास्त वाटतो.

आवाजावरूनही कळतं. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबला की बंद, तर इनपुट किंवा ले शाफ्टचं (गिअरबॉक्समधल्या समांतर शाफ्टचं) बेअरिंग. दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग.

पाना_बारा
समजा क्लच सुटत नाही हे सिद्ध झालं. पण का सुटत नाही? पायलट बेअरिंग जाम झालं तर क्रँक शाफ्ट इनपुट शाफ्टला थेट फिरवतो. क्लच पूर्ण सुटलेला असला तरी रिव्हर्स खरखरणारच, तुमची काही सेकंदांची तपासणी तीच खूण दाखवणार. क्लच प्लेट वाकली, शाफ्टच्या खाचांवर गंज धरून प्लेट सरकेनाशी झाली, तरी तेच. ही सगळी कामं गिअरबॉक्स उतरवूनच होतात. म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलो.

सहाचाकी
तिथेही उतरवण्याआधी एक माप घेता येतं. इंजिन बंद, चाकांना ओट (अडसर) लावलेली, एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने खाली स्लेव्ह सिलेंडरचा (गिअरबॉक्सजवळ क्लच ढकलणाऱ्या सिलेंडरचा) दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजायचं. गाडी थंड असताना एकदा, तापल्यावर एकदा. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा कमी भरला तर दोष बाहेर आहे: हवा, सील, फुगणारा होज, झिजलेली पेडलची पिन. तापल्यावरच कमी भरला तर क्लच ऑइलमध्ये हवा किंवा पाणी असण्याची शक्यता जास्त, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. दोन्ही वेळा माप पूर्ण भरलं आणि तरीही रिव्हर्स खरखरला, तर दोष हाउसिंगच्या आत. मग खुशाल उतरवा, मी आडवा येणार नाही.

पाना_बारा
हे माप मान्य. पण उतरवलाच तर माझ्या यादीतलं सगळं करून घ्या. नुसती प्लेट बदलून जुनं पायलट बेअरिंग तसंच ठेवू नका, आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही त्याच वेळी बघा. क्लच दाबणाऱ्या फोर्कचा टेकू झिजला असेल तर नवीन क्लचसुद्धा पूर्ण सुटणार नाही.

सहाचाकी
ते सगळं करेन, पण सिंक्रोसाठी डबा खोलणार नाही. उतरवणं आणि खोलणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मेकॅनिक दोन्ही एकाच वाक्यात उरकतात. क्लचचं काम गिअरबॉक्स न खोलता होतं. उतरवण्याआधी ऑइल काढून ड्रेन प्लगचा चुंबक बघेन. राखाडी बारीक चिखल असेल तर नेहमीची झीज. दाताचा तुकडा सापडला किंवा ऑइलमध्ये पिवळी चमक (पितळी रिंगांचा चुरा) भरपूर दिसली, तरच आत हात घालायचा.