वजाबाकी चुकली म्हणजे डिमेन्शिया नव्हे

‘शंभरातून सात-सात वजा करता येईनात म्हणून माझ्या आईच्या कागदावर डिमेन्शियाची, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाण्याच्या आजाराची, शंका लिहिली; अशा चाचण्याच नकोत,’ असं तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. स्मरणशक्ती आणि समज तपासण्याची ती चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. वाचता-लिहिता येतं हे त्यात धरूनच चाललेलं आहे, त्यामुळे शाळा न पाहिलेल्यांचे गुण तिथेच जातात. पण म्हणून अशा चाचण्याच नकोत, हे मला पटत नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९०च्या दशकात तीच चाचणी निरक्षर म्हाताऱ्यांसाठी बदलून घेतली. वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायचे. ‘डोळे मिटा’ हे वाचून करायच्या जागी तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि समोरच्याने त्याच्याकडे बघून तसंच करायचं. पुढे लासी-डॅड या देशभरच्या पाहणीतही हीच हिंदी चाचणी वापरली. साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण साधारण ७.४ टक्के, हा अंदाज तिथलाच.

माझ्या आजीला अशाच चाचणीत तारीख विचारली तेव्हा ती गप्प बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, “तिथी विचारली असती तर सांगितली असती की. आज वद्य एकादशी.” बरोबर होतं! तिला विसर पडत होता हेही खरं, पण तो स्वयंपाकघरात दिसला. एकाच आमटीत तीनदा मीठ. लासी-डॅड पाहणीत घरच्या माणसाचीही वेगळी मुलाखत घेतात ती याचसाठी. पुढच्या वेळी आईंबरोबर रोज घरात असणारं माणूस जाऊ दे, आणि त्यांचं शिक्षण किती हे डॉक्टरांना आधीच सांगा.