निल्सनबाई आणि 'नुसता जोर'

"एवढ्या वाद्यवृंदावरून ऐकू जायचं म्हणजे नुसता जोर लावायचा," हे मत स्वीडिश ऑपेरा-गायिका बिर्गिट निल्सनच्या (१९१८–२००५) बाबतीत तरी पटत नाही. वाद्यवृंदाची ताकद ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनं) आसपास एकवटलेली असते. माइकशिवाय गाणाऱ्याच्या आवाजाला ३००० च्या सुमारास धार असेल, तर तो वाट काढतो. जोर लावला की घसा आवळतो आणि नेमकी तीच धार जाते.

अगदी वरच्या सुरांचं गणित मात्र वेगळं. जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'वाल्किरी' या ऑपेरात नायिका ब्र्युनहिल्डची रणहाक दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच येते, वरच्या 'सी' या सुरापर्यंत, म्हणजे सुमारे १०४६ हर्ट्झ. तिथे शब्दातल्या 'ई'चा उच्चार 'ई' राहूच शकत नाही; जबडा उघडून तो 'आ'कडे न्यावा लागतो. शब्द कळत नाहीत ही तक्रार म्हणूनच फिजूल.

आणि दमसास? २८ डिसेंबर १९५९, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरागृह, वाग्नरचाच 'ट्रिस्टान आणि इझोल्डे'. ट्रिस्टान गाणारे तिन्ही टेनर (उंच पट्टीचे पुरुष गायक) आजारी, तरी एकेकाने एकेक अंक निभावला. इझोल्डे मात्र तिन्ही अंकांत एकच, निल्सनबाई! रेकॉर्डवर त्यांचा आवाज बराच आक्रसतो, हे ऐकताना लक्षात ठेवा.