सवाना वाचवायला संशोधनाची भागीदारी हवीच. पण प्रश्न कोणी ठरवायचे?

कुसळ

टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान म्हणजे सवाना, मधूनमधून झाडं असलेलं गवताळ रान. तिथल्या विल्डबीस्टांची, म्हणजे कळपाने स्थलांतर करणाऱ्या मोठ्या हरणांची, संख्या १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास होती. १९७७ पर्यंत ती तेरा लाखांच्या पुढे गेली. याचं मोठं श्रेय ना वनरक्षकांना जातं, ना पर्यटनाला. उद्यानाबाहेरच्या गुरांना बुळकांडीची लस टोचली गेली, रोग गुरांमधून हटला आणि मग रानातल्या कळपांमधूनही गेला. पुढची साखळी आणखी गमतीची आहे. विल्डबीस्ट वाढले, त्यांनी गवत फस्त केलं, पेटायला वाळलेलं गवत उरेना म्हणून वणवे घटले, आणि वणवे घटल्यावर झाडं वाढली. गुरांच्या लशीमुळे झाडं वाढतील असं आधी सांगितलं असतं तर लोक हसले असते.

हे कळलं कसं? कोणीतरी तिथे वर्षानुवर्षं मोजत बसलं होतं म्हणून. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मायकल यांनी १९५८मध्ये झेब्र्याचे पट्टे रंगवलेल्या विमानातून गणती सुरू केली. पुढच्याच वर्षी विमान गिधाडावर आदळून मायकल गेला. १९६६मध्ये तिथे संशोधन संस्था उभी राहिली, १९८०मध्ये टांझानियाने स्वतःची वन्यजीव संशोधन संस्था काढली. पैसा बराचसा बाहेरचा, विद्यापीठं बाहेरची, परवाने आणि क्षेत्रावरचे कर्मचारी टांझानियाचे. या सगळ्या खटाटोपालाच मी भागीदारी म्हणतो.

सवाना हे स्थिर रान नव्हे. पाऊस, आग, चरणारे प्राणी आणि हत्ती यांच्या ओढाताणीत ते कधी गवताकडे झुकतं, कधी झाडांकडे. दोन वर्षं पाहून तिथे काही ठरवणारा माणूस हमखास चुकतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात काही पट्टे १९५४पासून ठरावीक अंतराने मुद्दाम जाळले जातात आणि शेजारचे राखले जातात, तेव्हा कुठे आगीचा परिणाम पावसापासून वेगळा काढता येतो. एका सरकारच्या कारकिर्दीत किंवा एका अनुदानात हे बसत नाही. म्हणून माझं म्हणणं, सवाना राखायची आणि तिच्या आधाराने आसपासच्या लोकांचं भलं करायचं, तर अनेक देशांच्या संस्थांचे पन्नास-पन्नास वर्षांचे संशोधन करार हवेत. संशोधकांना हुसकून 'आमचं आम्ही बघू' म्हणणाऱ्यांचं मत ऐकायला आवडेल.

आडवाट

हुसकून कोणाला लावलं ते आधी बघू.

ज्या वर्षी मायकल ग्रझिमेक गेला त्याच १९५९ साली सेरेंगेटीतल्या मसाईंना, म्हणजे तिथल्या गुराखी जमातीला, उद्यानातून काढून शेजारच्या एन्गोरोंगोरोला हलवलं. तिथे गुरांसकट राहता येईल असा शब्द दिला होता. आज त्याच एन्गोरोंगोरोतून कुटुंबांना शेकडो किलोमीटरवरच्या म्सोमेराला पाठवलं जातंय. कारण काय देतात? तिथली लोकसंख्या आठ हजारांवरून एक लाखाच्या घरात गेली, गुरं वाढली, परिसंस्थेवर ताण आला. २०२२मध्ये सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंडोत, मसाईंच्या चराऊ जमिनीवर, दीड हजार चौरस किलोमीटरची राखीव हद्द आखताना गोळीबार झाला, माणसं जखमी झाली, एक पोलीस मारला गेला. तिथेही कारण वन्यजीवांचंच.

कुसळ, तुमच्या साखळीत गुरं आहेत, विल्डबीस्ट आहेत, गवत आहे, झाडं आहेत. गुरं राखणारा माणूस कुठे आहे? साठ वर्षांच्या मोजणीत विल्डबीस्टाची डोकी नेमाने मोजली गेली. मसाईंची डोकी मोजली ती मात्र 'फार झाली' हे सांगण्यापुरती.

नीलमोहोर

आडवाट, राग समजू शकते, पण गुरांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावाही अशाच भागीदारीतून आलाय. केनियात लायकिपियाला म्पाला संशोधन केंद्र आहे. प्रिन्स्टन, स्मिथसोनियन, केनियाचं वन्यजीव खातं आणि राष्ट्रीय संग्रहालयं यांच्या भागीदारीत ते चालत आलंय. तिथे १९९५पासून कुंपणांचा एक मोठा प्रयोग चालू आहे. एका तुकड्यात फक्त गुरं, दुसऱ्यात फक्त जंगली प्राणी, तिसऱ्यात दोन्ही, चौथ्यात हत्तींनाही मुभा, असं. त्यातून केनियाच्याच विल्फ्रेड ओडाडी यांनी २०११मध्ये दाखवलं की कोरड्या दिवसांत झेब्रे आणि गुरं एकमेकांच्या तोंडचा घास काढतात, पण ओल्या दिवसांत झेब्रे जून, दांडेल गवत खाऊन टाकतात आणि त्यांच्यासोबत चरणाऱ्या गुरांचं वजन उलट जास्त वाढतं.

गुरांच्या जुन्या वाड्यांचंही तसंच. शेणखताने ती जमीन इतकी कसदार होते की वाडा उठल्यावरही शतकानुशतकं तिथे हिरवी हिरवळ राहते आणि हरणं तिथेच जमतात. केनियात असे तीन हजार वर्षांपर्यंतचे जुने ठिपके सापडलेत. म्हणजे आपण ज्याला 'अस्पर्श निसर्ग' म्हणतो त्यातला काही भाग गुराख्यांनीच घडवला आहे. कोर्टात उभं राहायचं तर असा पुरावा लागतो.

आडवाट

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुराखी जे सांगत आला ते अमेरिकेत छापून आल्यावर खरं झालं! पुरावा उत्तम आहे, नाकारत नाही. पण त्याने लोलिओंडोची हद्द एक मीटरने तरी सरकली का? सोयीचा निष्कर्ष धोरणात येतो, गैरसोयीचा कपाटात जातो.

शंकासुर

दोघंही भावनेत आहात. पैशांचं बोला.

मोझांबिकमधलं गोरोंगोसा घ्या. १९९२ला संपलेल्या यादवी युद्धात तिथले मोठे प्राणी नव्वद टक्क्यांहून जास्त संपले होते. २००८मध्ये ग्रेग कार या अमेरिकी धनिकाच्या प्रतिष्ठानाने सरकारशी वीस वर्षांचा करार केला, २०१८मध्ये तो आणखी पंचवीस वर्षांनी वाढला. उद्यानातच प्रयोगशाळा उभी राहिली. शोधनिबंध धडाधड निघू लागले. हस्तिदंतासाठी झालेल्या कत्तलीनंतर सुळे नसलेल्या हत्तिणी कशा वाढल्या, हे २०२१मध्ये जगभर गाजलं. छान. पण एका माणसाच्या खिशावर एका देशाचं उद्यान चालावं याला भागीदारी म्हणायचं? २०२५मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली परदेशी मदत देणारी संस्था गुंडाळली तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी संवर्धन प्रकल्पांचे हातपाय गळाले. पन्नास वर्षांचे करार म्हणे! देणगीदाराचं मन पाच वर्षं टिकलं तरी खूप.

रानभैरी

शंकासुर, गोरोंगोसाचं अर्धंच सांगितलंत. तिथे मोझांबिकच्या विद्यार्थ्यांसाठी उद्यानातच संवर्धन जीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. डोंगरावर जंगलतोड थांबावी म्हणून शेतकऱ्यांबरोबर सावलीतली कॉफी लावलीय. शाळकरी मुलींचे वर्ग आहेत, आरोग्य सेवक आहेत. यात मला एक भाग फार आवडतो, म्हणून जरा अवांतर. युद्धानंतर सगळे प्राणी सारख्या वेगाने परतले नाहीत. वॉटरबक नावाचं हरीण सुटलंच, युद्धापूर्वी काही हजार होतं ते २०१८च्या गणतीत पन्नास हजारांच्या वर. कारण त्याला खाणारं कोणी उरलं नव्हतं आणि चाऱ्यात वाटा मागणारेही कमी झाले होते. मग २०१८मध्ये रानकुत्री आणून सोडली. 'प्राणी वाढले, झालं संवर्धन' असं म्हणून थांबले असते तर हा तोल बिघडलाय हे कळलंच नसतं.

शंकासुर

कॉफी, शाळा, दवाखाना, ही सरकारची कामं. उद्यानाने ती केली की सरकार हात झटकून मोकळं. आणि देणगीदार गेला की शाळाही जाते.

कुसळ

देणगीदाराचा मुद्दा रास्त आहे, पण पैसा आटतो म्हणून विहीरच नको हे मला पटत नाही. सरकारी अंदाजपत्रकं काय कमी लहरी असतात?

आडवाट म्हणतात, गैरसोयीचा निष्कर्ष कपाटात जातो. एक उलट उदाहरण. २०१०मध्ये सेरेंगेटीच्या उत्तर भागातून, स्थलांतराच्या वाटेला आडवा, सुमारे ५० किलोमीटरचा व्यापारी रस्ता ठरला होता. वर्दळ आणि कुंपणं वाढून कळपांना मारा नदीकडे जाता आलं नाही तर संख्या किती कोसळेल, हे संशोधकांनी जुन्या आकड्यांवरून मांडलं. केनियाची एक प्राणिकल्याण संस्था पूर्व आफ्रिकी न्यायालयात गेली आणि २०१४मध्ये न्यायालयाने उद्यानातून डांबरी रस्ता नेणं बेकायदा ठरवलं. साठच्या दशकापासूनचे आकडे नसते तर तिथे काय मांडलं असतं?

आडवाट

झेब्र्यासाठी न्यायालय धावलं. त्याच न्यायालयात लोलिओंडोच्या मसाईंचा दावा २०२२मध्ये फेटाळला गेला, पुरावा अपुरा म्हणून. झेब्र्यांकडे साठ वर्षांचे आकडे होते. मसाईंच्या चराऊ वाटांचे, पाणवठ्यांचे, कोणत्या हंगामात गुरं कुठे असत याचे तसेच नेमाने ठेवलेले नकाशे का नव्हते? कारण तो प्रश्न कोणाच्या अनुदानात बसला नाही. माझा विरोध मोजण्याला नाही. काय मोजायचं ते दूरवरच्या एखाद्या समितीत ठरतं, त्याला आहे.

आणि परवान्यावर जगणारा संशोधक बोलणार तरी किती? क्रेग पॅकर यांनी १९७८पासून सेरेंगेटीतल्या सिंहांवर काम केलं. ट्रॉफी शिकारीतल्या, म्हणजे पैसे भरून हौसेने केलेल्या शिकारीतल्या, गैरप्रकारांवर बोलू लागले आणि टांझानियाची दारं त्यांना बंद झाली. हे बाकीच्यांनी पाहिलंच असेल.

गणितवाला

पॅकरांचं उदाहरण आलंच आहे तर सिंहांवरून. १९९४मध्ये डिस्टेंपर या कुत्र्यांना होणाऱ्या विषाणूजन्य रोगाच्या साथीत सेरेंगेटीचे जवळजवळ एक तृतीयांश सिंह मेले. विषाणू गावकुत्र्यांतून आला असं धरून आसपासच्या गावांत कुत्र्यांना लस देणं सुरू झालं. सगळ्यांना वाटलं, बुळकांडीचीच गोष्ट पुन्हा. पण सिंह आणि कुत्र्यांच्या तीस वर्षांच्या रक्तनमुन्यांचा हिशेब २०१५मध्ये लागला तेव्हा दिसलं की कुत्र्यांतला संसर्ग घटला तरी सिंहांपर्यंत विषाणू पोचतोच आहे, बहुधा इतर जंगली प्राण्यांमधून. त्याच मोहिमेत दिलेल्या रेबीजच्या लशीने माणसं मात्र वाचली. आता सांगा, हा प्रकल्प फसला की जमला? सिंहवाल्यांना विचारलं तर एक उत्तर, गावातल्या आईला विचारलं तर दुसरं. प्रश्न कोणाचा यावर यशही बदलतं, म्हणून आडवाट यांच्या त्या एका मुद्द्याला माझं अनुमोदन. संशोधक नकोत याला नाही.

बाहेरच्या सगळ्यांना एका माळेत ओवू नका, एवढीच विनंती. २०१५मध्ये आफ्रिकेत १० कोटी हेक्टर जमीन पूर्ववत करायची मोहीम निघाली. तिच्या नकाशांत गवताळ राने म्हणजे 'उजाड झालेलं जंगल' समजून झाडं लावली जातील, हा धोका आधी कोणी ओरडून सांगितला? सवानाच्याच अभ्यासकांनी, ज्यांतले कित्येक दक्षिण आफ्रिकेचे आहेत.

नीलमोहोर

प्रश्न स्थानिकांनी ठरवला तर काय होतं हे पाहायचं तर ऑस्ट्रेलियातलं पश्चिम आर्नहेम लँड पाहा. तिथले आदिवासी वस्तीतून उठले आणि कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला लहान लहान आगी लावायची त्यांची रीत मोडली. मग ऋतूच्या शेवटी प्रचंड वणवे लागू लागले. तिथल्या जाणत्यांनी शास्त्रज्ञांना सोबत घेतलं, लवकर लावलेल्या आगीतून हरितगृह वायू किती कमी निघतात ते मोजलं, आणि २००६पासून एका वायू कंपनीने त्याबद्दल वर्षाला सुमारे दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर सतरा वर्षं द्यायचा करार केला. आग लावणारे तेच, पगार घेणारेही तेच. शास्त्रज्ञांकडे मोजमाप.

आडवाट

हे उदाहरण पूर्ण मान्य, पण त्यातली पहिली पायरी गाळलीत. नॉर्दर्न टेरिटरीत १९७६चा आदिवासी भूहक्क कायदा आहे. जमीन त्यांची होती म्हणून कंपनीला त्यांच्याशी करार करावा लागला आणि शास्त्रज्ञाला त्यांची परवानगी घ्यावी लागली. लोलिओंडोत हे उलटं आहे. आधी जमिनीचा हक्क, मग संशोधनाचा करार. एवढा क्रम पाळा, मी स्वतः कुसळ यांच्या पन्नास वर्षांवर सही करतो.

कुसळ

हक्काला विरोध नाही, क्रमाला आहे. जमिनीचा निकाल लागायला वीस वर्षं लागली तर तोवर गणती थांबवायची? वीस वर्षांची ती पोकळी नंतर कोणालाच भरता येत नाही, मसाईंनाही नाही. उद्या त्यांचा वकील 'कळप आमच्या गुरांमुळे घटले नाहीत' हे सिद्ध करायला उभा राहील, तेव्हा त्याला याच वर्षांचे आकडे लागतील. चराऊ वाटांचे नकाशे आजपासून त्याच वह्यांत नोंदवायला घ्या, खर्च त्याच अनुदानातून. हे मात्र मी करारात लिहून घ्यायला तयार आहे.

शंकासुर

आणि वह्या कोणाच्या कपाटात राहणार, तेही लिहून घ्या.