जेट स्कीचा थ्रॉटल पर्यटकाच्या हातात द्यावा का?

मांडवीकाठ
मोसम सुरू झाला की हा वाद दरवर्षी निघतो, म्हणून माझं मत आधीच मांडतो. गोव्यातल्या कळंगुट, बागा, कांदोळी, कोलवा, बाणावली अशा गर्दीच्या किनाऱ्यांवर पर्यटकाला जेट स्की चालवायला देऊच नये. चालक पुढे, पर्यटक मागे. 'जादा पैसे द्या, स्वतः चालवा' हे धंद्यातून हद्दपार झालं पाहिजे.

कारण यंत्रातच आहे. जेट स्कीला सुकाणू नसतं. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, इम्पेलर (आतलं फिरणारं पातं) ते मागच्या नोझलमधून, म्हणजे निमुळत्या तोंडातून, जोरात फेकतो आणि हँडल वळवलं की वळतं ते फक्त नोझल. धार बंद झाली की वळणंही बंद. समोर माणूस दिसला की नवखा काय करतो? दुचाकीच्या सवयीने थ्रॉटल (वेगाचा लिव्हर) सोडतो आणि हँडल फिरवतो. हँडल फिरतं, स्की मात्र सरळच जाते. दोन माणसांसकट सुमारे ५०० किलोचा ऐवज ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटरने. प्रतिक्रियेला दीड सेकंद धरला तर २५ मीटर विचारातच गेले, पुढचं घसरणं वेगळं. ब्रेक नसलेली जुनी स्की वाऱ्या-लाटेप्रमाणे ५० ते १०० मीटर सहज सरकते. पोहणारा आणि स्की यांच्यात एवढं अंतर बागाला रविवारी असतं का?

खारा_वारा
यंत्राचं वर्णन बरोबर, निष्कर्ष चूक. थ्रॉटल सोडल्यावर स्की वळत नाही हे पाच मिनिटांत शिकवता येतं, आणि शिकवायलाच हवं. वाळूवर उभ्या स्कीवर बसवायचं, डोळ्यांसमोर एक काठी धरायची आणि म्हणायचं, 'ही चुकव.' पहिल्या वेळी सगळे थ्रॉटल सोडतात. तिसऱ्या वेळेपर्यंत थोडा थ्रॉटल ठेवून वळवायला लागतात. हातांना सवय लागेपर्यंत पाण्यात उतरवायचं नाही, इतकंच. पण इथे दलाल गिऱ्हाईक आणतो, जॅकेट चढवतो आणि 'चलो सर' म्हणतो. दोष शिकवण्याच्या आळसाचा आहे, थ्रॉटलचा नाही.

शिवाय सगळ्या स्की जुन्या नाहीत. सी-डू या ब्रँडच्या ब्रेकवाल्या स्की २००९ पासून आल्या, यामाहाचीही तशी सोय पुढे आली. डाव्या हाताचा लिव्हर दाबला की मागच्या धारेसमोर झडप येते आणि पाणी पुढच्या दिशेने वळतं. शिवाय सी-डूला शिकाऊंसाठी वेग बांधलेली वेगळी चावी मिळते आणि यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत कमी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे फेरे बांधणारा, मोड असतो. ही चावी भाड्याच्या स्कीला सक्तीची करा. बंदी कशाला?

इम्पेलर
चावीचा मुद्दा मान्य. पण सध्याची 'चालक मागे, पर्यटक पुढे' ही तडजोड दोघांनीही नीट पाहिलेली दिसत नाही. माझ्या मते ती दोन्ही टोकांपेक्षा वाईट आहे.

कंपन्यांच्या पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेलं असतं की चालकाच्या पुढे प्रवासी बसवू नका. इथे पर्यटक पुढे, चालक मागे आणि पर्यटकाच्या काखेतून हात घालून चालक हँडल धरतो. मग चालवतोय कोण? थ्रॉटलचा लिव्हर उजव्या तर्जनीखाली असतो. घाबरला की माणूस मूठ आवळतो, म्हणजे थ्रॉटल दाबतो. मागच्याला ती मूठ सोडवायला एक-दोन सेकंद जातात. समोरच्या डोक्यामुळे त्याला नाकासमोरचं पाणीही दिसत नाही. दोन धिप्पाड माणसं सरकून मागे बसली की नाक वर उचललं जातं आणि स्की टणाटण उसळत जाते.

आता किल स्विचची दोरी. ती ज्याच्या हातात थ्रॉटल त्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला हवी. तो पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. किनाऱ्यावर जाऊन बघा: कित्येक दोऱ्या हँडललाच गुंडाळलेल्या असतात, कारण दर फेरीला काढ-घाल नको. काही क्लिप झिजून इतक्या सैल झालेल्या असतात की लाटेच्या धक्क्याने इंजिन बंद पडतं, म्हणून त्यांना टेपने जखडलेलं असतं. अशी स्की माणसाला पाण्यात टाकून एकटी पुढे निघते, तीही पोहणाऱ्यांच्या दिशेने निघू शकते. दोरी नवीन घ्यायला किती पैसे लागतात? एका फेरीच्या भाड्याच्या आसपास.

बार्देशकार
अहो, पण मागे बसणं सुरक्षित असं कोणी सांगितलं? मागचा माणूस मागे पडला तर थेट नोझलच्या धारेसमोर. त्या दाबाने शरीराच्या आतले अवयव फाटू शकतात. यंत्रावरच्या सूचनेत म्हणूनच वेटसूटची विजार घाला असं छापलेलं असतं; साधा पोहण्याचा पोशाख ही धार अडवत नाही. आपल्याकडे बर्म्युड्यावर बसवतात. मांडवीकाठ, तुमची 'पर्यटक मागे' ही अट पाळायची असेल तर मागच्याने पुढच्याच्या कमरेला धरलंच पाहिजे, पाय पायदानात सपाट, आणि चालकाने एकदम थ्रॉटल पिळायचा नाही. सेल्फीची काठी तर नकोच. आणि लहान मुलाला पुढ्यात बसवणारे आई-बाप? त्यांना जीवरक्षकांनी तिथेच उतरवावं. स्वतः चालवायला किमान १६ वर्षं असं उत्पादकच म्हणतात.

पागी
तुमचं सगळं पर्यटक आणि चालक यांच्यातच चाललंय. दर्यात अजून माणसं आहेत. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) घातली की होडी अर्धवर्तुळ काढून परत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि माणसं ओढायला लागतात. वरून फक्त तरंगणाऱ्या भेंडांची ओळ दिसते. जेट स्कीवाला त्या ओळीवरून आत येतो, कारण त्याला ते मोकळं पाणी वाटतं. जाळं वर उचललेलं असेल तर धागा स्कीच्या पाणी ओढणाऱ्या तोंडातून आत जाऊन फिरत्या दांड्याला गुंडाळतो, इंजिन ठप्प. मग कापतात आमचं जाळं. मासे गेले, दिवस गेला, आणि वर 'जाळं मध्येच का टाकलं?' म्हणून आम्हालाच शिव्या.

थ्रॉटल कुणाच्या हातात हा प्रश्न आमच्यासाठी दुय्यम आहे. चालक कसलेला असला तरी भेंडांची ओळ कापतोच, कारण वळसा घातला की पेट्रोल जळतं.

नियम_१८
पागी, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांत अठरावा नियम तुमच्या बाजूचा आहे: यंत्रावर चालणाऱ्या नौकेने मासेमारीत गुंतलेल्या नौकेच्या वाटेतून बाजूला व्हायचं. पण मेख अशी की नियम 'नौके'बद्दल बोलतो. रापणीची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आली की पाण्यात नौका उरत नाही, फक्त जाळं उरतं. शब्दावर बोट ठेवणारा वकील तिथे सुटू शकेल. म्हणून रापणीसाठी स्थानिक आदेशच लागेल, आणि तो बंदर कप्तान खात्याकडे मागावा.

बाकीच्यांसाठी: समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. वाट छेदत असाल तर जी नौका तुमच्या उजव्या हाताला आहे तिला आधी जाऊ द्यायचं आणि शक्यतो तिच्या मागून जायचं. ओलांडणाऱ्याने ओलांडल्या जाणाऱ्यापासून दूर राहायचं, मग तो कितीही हळू असो. हे किनाऱ्यावरच्या किती चालकांना विचारून बघितलंत? गोव्यातच राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे हे शिकवण्याची सोय आहे.

खारा_वारा
नियम पाठ करून गर्दी कमी होत नाही. खरी अडचण पहिल्या दोन-तीनशे मीटरची आहे. किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत जायला ठरलेली वाट नाही. पोहणारे, बनाना राइड (बोटीमागे ओढला जाणारा केळ्यासारखा फुगा), पॅरासेलिंगची बोट, डॉल्फिन दाखवणारी बोट, रापण, सगळे त्याच पट्ट्यात. न्यूझीलंडमध्ये किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत आणि कुठल्याही नौकेच्या किंवा पोहणाऱ्याच्या ५० मीटरच्या आत ५ नॉट ही मर्यादा आहे. फ्रान्समध्ये किनाऱ्यालगतच्या ३०० मीटर पट्ट्यात तीच. ५ नॉट म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर, भराभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडं जास्त. आपल्याकडेही बोयांची (तरंगत्या खुणांची) मार्गिका बांधा: आत-बाहेर जाणं तिच्यातूनच आणि ५ नॉटनेच. बोयांपलीकडे काय वेग घ्यायचा तो घ्या. मग थ्रॉटल पर्यटकाला दिला तरी पोहणारा वाचतो.

मांडवीकाठ
पलीकडे काय घडतं तेही सांगा की. बनाना राइडवाला मजा म्हणून माणसांना मुद्दाम पाण्यात पाडतो. त्याच्या मागून, त्याच्याच लाटेवर उड्या मारायला नवख्याची स्की येते. पाण्यात पाच-सहा डोकी, आणि स्कीवर बसलेल्याची नजर पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच. मीटरभराची लाट मध्ये आली की डोकं दिसत नाही. ओढणाऱ्या बोटीच्या मागच्या लाटेत शिरायचंच नाही, हे नवख्याला कोण सांगणार?

आणि वेळ बघा. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, पाणी खवळतं. साडेचारनंतर बाहेर जाताना सूर्य नेमका डोळ्यांत, कारण आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. आणि हीच तर भाड्याची सर्वात गर्दीची वेळ! अनुभवी चालक डोळे बारीक करून, वेग कमी करून जातो. पर्यटक व्हिडिओ काढतो.

स्नोमोबिलवाला_गोंयकार
कॅनडात राहून वाचतोय, म्हणून एक तुलना. स्की-डू ही बर्फावरची गाडी आणि सी-डू ही पाण्यावरची, दोन्ही एकाच कंपनीच्या आणि दोन्हींत रोटॅक्सची इंजिनं. पण बर्फावर थ्रॉटल सोडला की खालचा फिरता पट्टा बर्फाला घासून गाडी मंदावते आणि पुढच्या घसरपट्ट्या वळवत राहतात. ऑंटारिओत बर्फवाटांवर ताशी ५० ची मर्यादा आहे, उजवीकडून जायचं, आणि समोरून कोणी आलं की मागे किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवायची जुनी पद्धत आहे. शेवटचा मूठ दाखवतो. एवढं करूनही दोन्हीकडून वाट आखलेली असल्याशिवाय शिष्टाचार टिकत नाही. पाण्यावर तर वाटच नाही. मी खारा_वारा यांच्या बाजूने.

इम्पेलर
मार्गिका हवीच, पण पाण्याची खोली बघून. किनाऱ्यालगत ६० ते ९० सेंटिमीटरपेक्षा कमी पाण्यात इंजिन चालू केलं की जाळीतून वाळू आत जाते. इम्पेलर आणि त्याभोवतीचं वेअर रिंग यांच्यात फट पडते, मग थ्रॉटल दाबला की इंजिन किंचाळतं पण जोर येत नाही. ऐन वळणाच्या वेळी धार कमी पडली तर शिकवलेलं सगळं पाण्यात. म्हणून कंबरभर पाण्यापर्यंत ढकलत न्यायची आणि तिथे चालू करायची. किनाऱ्यावर चालू करून धडधडत जाणारे दिसतात ना, त्यांच्या वेअर रिंगकडे आधी बघा.

पडल्यावर वर चढायचं ते इंजिन बंद, दोरी काढलेली, मागच्या बाजूने. उलटलेली स्की सरळ करायची दिशा मागच्या स्टिकरवर छापलेली असते. उलट्या दिशेने फिरवली तर इंजिनात पाणी शिरतं आणि मग ती परत ओढतच न्यावी लागते.

बार्देशकार
नद्यांचं काय? मांडवीत रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या वाटेत, पणजी–बेती पट्ट्यात. अरुंद मार्गात उजव्या काठाने जायचं आणि फेरीला अडवायचं नाही. फेरी पटकन थांबू शकत नाही. आणि आतल्या खाडीत लाट मारत गेलात तर खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मातीच्या बांधाला तडाखा बसतो. एक भगदाड पडलं की खारं पाणी शेतात. नद्यांत भाड्याच्या जेट स्की नकोतच.

खारा_वारा
नद्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. किनाऱ्याबद्दल नाही.

नियम_१८
एक गोष्ट कुणीच धरली नाही: जॅकेट. ५० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवणाऱ्या जोराचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं, ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवीलच असं नाही. पोहता न येणाऱ्याला १०० न्यूटनचं द्या. बकल लावून खांद्यांना धरून वर ओढा; जॅकेट हनुवटीपर्यंत आलं तर ते मोठं आहे. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीच्या वाटेवरच्या 'नीलकमल' फेरीवर आदळली. ती बोट कसलेल्या माणसांच्या हातात होती. तेव्हा 'चालक तज्ज्ञ असला की झालं' यावर मांडवीकाठ यांनी एवढा भरवसा ठेवू नये.

मांडवीकाठ
भरवसा नाही, पण नवख्यापेक्षा कमी धोका आहे हे तुम्हीही नाकारलं नाहीत. मार्गिका, बांधलेल्या वेगाची चावी आणि मनगटाला दोरी हे तिन्ही होईपर्यंत थ्रॉटल पर्यटकाला नको. तिन्ही झालं की बोलू.

पागी
मार्गिका बांधाल तेव्हा रापणीची जागा सोडून बांधा, आधी आम्हाला विचारून. आणि बोयांचे दोर कसे बांधणार ते ठरवा. उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. भरतीच्या मापाने दोर घेतला तर ओहोटीला तो सैल होऊन पाण्यावर तरंगतो. मग तोच दोर स्कीच्या जाळीत आणि आमच्या वल्ह्यात.

इम्पेलर
यावर उपाय साधा आहे. तरंगणारा नव्हे, बुडणारा दोर घ्यायचा आणि बोया व नांगर यांच्या मध्यावर दोन-तीन किलोचं वजन बांधायचं. ओहोटीला सैल भाग खाली लटकतो, वर येत नाही. पण दर पंधरवड्याला शेवाळ खरवडून गाठी तपासाव्या लागतील. हे काम कुणाचं, तेवढं आधी ठरू दे.